अर्धस्वयंचलित रायफली आणि मॅगझीन : अमेरिकेतील राज्यांचे निर्बंध

चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढच्या गोळीसाठी हाताने बोल्ट मागे ओढावा लागत नाही, अशी रायफल म्हणजे अर्धस्वयंचलित रायफल. गोळी सुटताना तयार होणाऱ्या वायूच्या किंवा मागे बसणाऱ्या धक्क्याच्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर पडते, मॅगझीनमधली, म्हणजे काडतुसे भरलेल्या पेटीतली, स्प्रिंग पुढचे काडतूस वर ढकलते आणि रायफल पुन्हा सज्ज होते. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती मशीनगन. तिच्यावर अमेरिकेत १९३४ पासून केंद्रीय नियंत्रण आहे आणि १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. बातम्यांत या दोन्हींची नेहमी गल्लत होते. वाद आहे तो पहिल्या प्रकाराचा : ही शस्त्रे आणि त्यांना लागणारी मोठी मॅगझिने नागरिकांच्या हातात असावीत का, आणि ते ठरवायचे कोणी.

वादाच्या केंद्रस्थानी एआर-१५ ही रायफल आहे. यूजीन स्टोनर या अभियंत्याने आर्मालाइट कंपनीसाठी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती घडवली. कोल्टने हक्क विकत घेतले. त्याच रचनेतून लष्कराची एम-१६ आली आणि १९६४ पासून कोल्टने नागरी आवृत्ती बाजारात आणली. पेटंटची मुदत संपल्यावर कोणीही ती बनवू लागले. आज अनेक उत्पादकांचे सुटे भाग एकमेकांत बसतात. दस्ता, नळी, मूठ, दुर्बीण हवी तशी बदलता येते. ही लवचीकता ग्राहकाला आवडते आणि कायदा करणाऱ्याची डोकेदुखी ठरते.

निर्बंधांची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉक्टन शहरातल्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर एका माणसाने एके-४७ धाटणीच्या रायफलीने गोळीबार केला. पाच मुले मारली गेली. ती आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासित कुटुंबांतली होती. त्याच वर्षी रॉबर्टी-रूस कायदा झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर जॉर्ज डुकमेजियन रिपब्लिकन, म्हणजे आज अशा निर्बंधांना विरोध करणाऱ्या पक्षाचे होते, हे आजच्या पक्षीय वातावरणात मुद्दाम सांगावे लागते. या कायद्याने रायफलींची नावे घालून यादी केली. परिणाम ठरलेलाच होता : नाव बदलायचे, एखादा भाग बदलायचा आणि तीच रायफल पुन्हा दुकानात. १९९० मध्ये न्यू जर्सीने आणि १९९३ मध्ये कनेटिकटने आपापले कायदे केले.

१९९४ मध्ये केंद्र सरकार मैदानात उतरले. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांनी रेटलेल्या कायद्याने काही मॉडेल नावानिशी बंद केली आणि बाकीच्यांसाठी लक्षणांची कसोटी आणली. काढता येणारे मॅगझीन आहे आणि शिवाय पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन अडकवायची खाच, नळीच्या तोंडाची ज्वाळा झाकणारे टोपण किंवा ग्रेनेड फेकण्याची सोय यांपैकी दोन गोष्टी आहेत, तर रायफल बेकायदा. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनांनाही बंदी आली. मात्र आधीच लोकांकडे असलेला माल कायदेशीर राहिला, म्हणून जुनी मॅगझिने चढ्या भावाने विकली जात राहिली. उत्पादकांनी संगीनीची खाच घासून टाकली, टोपण काढले आणि विक्री चालू ठेवली. सप्टेंबर २००४ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती वाढवली नाही. केंद्रीय न्याय खात्याच्या निधीतून झालेल्या मूल्यमापनात, मोजता येईल असा मोठा परिणाम दिसला नाही. दोन्ही बाजू हाच अहवाल पुढे करतात : एक म्हणते बंदी निरुपयोगी, दुसरी म्हणते जुना साठा मोकळा सोडल्यावर दुसरे काय होणार.

तेव्हापासून हा विषय मुख्यतः राज्यांचा आहे. लक्षणांच्या कसोटीचे पुढे काय होते, हे कॅलिफोर्नियात जवळून पाहायला मिळते. तिथल्या नियमानुसार ‘काढता येणारे’ मॅगझीन म्हणजे हत्यार किंवा अवजार न वापरता निघणारे; आणि गोळीचे टोक हेही अवजारच, असे नियमातच लिहिलेले. मग मॅगझीन सोडवायचे बटण खोलगट खाचेत बसवलेल्या रायफली आल्या. बोट आत पोहोचत नाही. गोळीचे टोक खुपसले की मॅगझीन खाली गळते. याला ‘बुलेट बटन’ म्हणतात. डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोत चौदा जण मारले गेले. तिथे वापरलेल्या रायफली याच पळवाटेने विकल्या गेलेल्या आणि नंतर बदल केलेल्या निघाल्या. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ही वाट बुजवली. लगेच मुठीच्या मागे एक पाते लावलेल्या रायफली दुकानांत आल्या. अंगठा मुठीभोवती गुंडाळता येत नाही, म्हणून ती कायद्याच्या भाषेत पिस्तुलाची मूठ नाही. गोळी तीच, वेग तोच, फक्त अंगठा आडवा. विरोधक या कायद्यांना दिखाऊ म्हणतात तेव्हा त्यांचे बोट अशा उदाहरणांकडे असते, आणि या मुद्द्यावर त्यांचे बरोबर आहे. यावर समर्थकांचे उत्तर असे की मूठ आणि दस्ता शोभेसाठी नसतात, सलग गोळीबारात शस्त्र ताब्यात ठेवायला त्यांची मदत होते.

मॅगझीनची मर्यादा त्या मानाने सरळ आहे. गोळ्या मोजता येतात. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. नंतरच्या काही महिन्यांत न्यूयॉर्क, कनेटिकट आणि मेरीलँड यांनी कायदे कडक केले. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये केंद्रीय बंदी पुन्हा आणण्याचा प्रयत्न ४० विरुद्ध ६० मतांनी पडला. न्यूयॉर्कने दहाच्या मॅगझीनमध्येही सातच गोळ्या भरायच्या अशी अट घातली होती, ती न्यायालयात टिकली नाही. कोलोरॅडोने पंधराची मर्यादा घातली आणि त्यापायी त्याच वर्षी दोन राज्य सिनेटर मतदारांनी परत बोलावले, म्हणजे मुदतीआधीच मतदान करून पदावरून काढले. व्हरमाँट आणि इलिनॉय यांनी रायफलीला दहा, पिस्तुलाला पंधरा असा हिशेब ठेवला आहे. एआर-१५ बरोबर सहसा तीस गोळ्यांचे मॅगझीन येते, त्यामुळे विरोधकांना ‘मोठ्या क्षमतेचे’ हा शब्दप्रयोगच मान्य नाही.

मर्यादेमागचा तर्क मॅगझीन बदलायला लागणाऱ्या काही सेकंदांवर उभा आहे. २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टूसान इथे खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या सभेत हल्लेखोराकडे पिस्तूल होते आणि त्याला तेहतीस गोळ्यांचे मॅगझीन होते. ते संपल्यावर तो दुसरे भरू लागला तेव्हाच जवळच्या लोकांनी त्याला खाली पाडले. विरोधक म्हणतात, सराव असलेल्याला दोन-तीन सेकंद पुरतात. आणि रात्री घरात शिरलेल्या चोरापुढे गोळ्या कमी पडण्याचा धोका घरमालकालाच जास्त. त्यांचा आणखी एक मुद्दा आकड्यांचा आहे. एफबीआयच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये झालेल्या १३,९२७ खुनांपैकी ६,३६८ पिस्तुलांनी झाले, सर्व प्रकारच्या रायफलींनी ३६४. (३,२८१ खुनांत बंदुकीचा प्रकार नोंदलेलाच नाही, हे मात्र ते सहसा सांगत नाहीत.) समर्थक उत्तर देतात की कायदा रोजच्या खुनांसाठी नाहीच, टेक्ससमधल्या उव्हॅल्डीच्या शाळेत घडला तशा प्रसंगांसाठी आहे. तिथे मे २०२२ मध्ये एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका गेल्या, आणि शाळेत पोहोचलेले पोलीस एक तासाहून अधिक काळ वर्गात शिरले नाहीत. प्रस्तुत लेखकाला दोहोंपैकी मॅगझीनची मर्यादा अधिक समजण्याजोगी वाटते. मुठीच्या आकारापेक्षा गोळ्यांच्या संख्येचा मृतांच्या संख्येशी संबंध जवळचा आहे.

न्यायालयांत प्रश्न वेगळ्याच वळणाने जातो. २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या घटनादुरुस्तीतला शस्त्रहक्क व्यक्तीचा आहे असे ठरवले. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ‘सर्रास वापरातली’ शस्त्रे संरक्षित मानली, पण एम-१६ सारखी शस्त्रे बंद करता येतील असेही सूचित केले. एआर-१५ या दोन वाक्यांच्या बरोबर मध्ये उभी आहे. २०२२ च्या ब्रूएन निकालाने कसोटी आणखी बदलली : उपयोग-अपाय तोलायचे नाहीत, देशाच्या इतिहासात अशा निर्बंधाची परंपरा आहे का ते पाहायचे. मग वकील एकोणिसाव्या शतकातले बोवी सुऱ्यांवरचे (लांब पात्याचे लढाऊ सुरे) आणि सापळा-बंदुकांवरचे (तारेला धक्का लागताच आपोआप सुटणाऱ्या बंदुका) कायदे उकरून काढू लागले. आणि ‘सर्रास वापर’ ही कसोटी गोल फिरणारी आहे : बंदी उशिरा आली तर शस्त्र सर्रास झालेले असते, लवकर आली तर ते कधी होतच नाही.

कॅलिफोर्नियातले केंद्रीय न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी मार्च २०१९ मध्ये मॅगझीनबंदी रद्द केली. स्थगिती येईपर्यंतचा आठवडा बंदूकधारकांत ‘फ्रीडम वीक’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवसांत राज्यात मोठी मॅगझिने कायदेशीरपणे येत होती. २०२१ मध्ये त्यांनी एआर-१५ ची तुलना स्विस आर्मी चाकूशी केली आणि गदारोळ उडाला. मार्च २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येतो त्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या, विस्तारित पीठाने सात विरुद्ध चार मतांनी मॅगझीनबंदी उचलून धरली. विरोधी न्यायाधीश व्हॅनडाइक यांनी आपल्या दालनात पिस्तुले हाताळत भिन्नमत समजावणारा व्हिडिओ निकालाला जोडला, जे सहकाऱ्यांना अजिबात रुचले नाही. मेरीलँडची रायफलबंदीही चौथ्या सर्किटने २०२४ मध्ये वैध ठरवली. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचे अपील घेतले नाही. न्यायमूर्ती थॉमस, अलिटो आणि गोरसच यांना ते ऐकायचे होते, पण अपील घ्यायला चार मते लागतात. चौथे मत देऊ शकणाऱ्या कॅव्हनॉ यांनी निकालावर शंका घेतली, पण ‘एक-दोन सत्रांत’ प्रश्न हाती घ्यावा असे लिहून थांबले.

अंमलबजावणीची बाजू दुबळी आहे. शिकागोजवळच्या हायलंड पार्कमधल्या ४ जुलै २०२२ च्या गोळीबारानंतर इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये बंदी आणली आणि जुन्या मालकांना राज्य पोलिसांकडे नोंदणी करायला सांगितले. अनेक काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) शेरीफांनी, म्हणजे निवडून आलेल्या पोलीस प्रमुखांनी, जाहीर केले की आम्ही तपासायला जाणार नाही. शेजारच्या इंडियानात अशी बंदी नाही आणि राज्यांच्या सीमेवर नाके नसतात.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक परवान्यावर मिळते, मूलभूत हक्क म्हणून नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा वाद सुरुवातीला परका वाटतो; मुलांच्या शाळेतून ‘लॉकडाऊन ड्रिल’ची (गोळीबार झाल्यास वर्गात दडून बसण्याच्या सरावाची) सूचना आली की तो घरात येतो.

अलीकडचे कायदे दोन वाटांनी जात आहेत. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये आणि ऱ्होड आयलंडने २०२५ मध्ये बाळगण्यावर नव्हे तर विक्रीवर बंदी घातली. ऱ्होड आयलंडची बंदी १ जुलै २०२६ पासूनची. कोलोरॅडोने एप्रिल २०२५ मध्ये बंदी बाजूला ठेवून पात्रतेची वाट धरली : काढता येणाऱ्या मॅगझीनच्या बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली १ ऑगस्ट २०२६ पासून घ्यायच्या तर आधी शेरीफकडून पात्रता-पत्र मिळवायचे, मग सुरक्षेचा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यायची. मुठीच्या आकाराबद्दल त्या कायद्याला काही म्हणायचे नाही.