हातचा

जिल्हा परिषदेच्या दुसरीच्या वर्गात घटकाभर बसलात, तर चौतिसातून अठरा कसे जातात ते डोळ्यांनी दिसतं. फरशीवर काड्यांचे तीन गठ्ठे, प्रत्येकाला रबर, शेजारी चार सुट्या काड्या. चारांतून आठ जात नाहीत. मग पोरगी एका गठ्ठ्याचं रबर काढते, दहा काड्या सुट्या होऊन चारांत मिसळतात आणि चौदांतल्या आठ ती बाजूला सारते. आमच्या वेळी याला 'हातचा घेणे' म्हणत, पण त्यात हात कुठेच नसायचा. पाटीवरचा तीन खोडून दोन करायचा, का ते विचारायचं नाही.

ही मांडणी राज्यभर गेली ती सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधून, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांच्या गटातून. तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन खडे, काड्या, चिंचोके थेट अभ्यासात आणले. मूल स्वतः करून बघत ज्ञान घडवतं, या विचाराचा 'ज्ञानरचनावाद' हा जड शब्द २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यामुळे सगळीकडे पोचला होता. शिक्षकांनी तो 'रचनावाद' एवढाच ठेवला. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि गावोगावचे शिक्षक गाड्या करून कुमठ्याच्या शाळा बघायला येऊ लागले. बघून गेलेल्या अनेकांनी रंगवलेल्या फरश्या तेवढ्या उचलल्या. फरशी रंगवणं सोपं असतं. मूल काड्या मोजत असताना गप्प बसणं अवघड.

पण साताऱ्याला हात आणि शाळा ही जोडी नवी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या बोर्डिंगाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत, एका पंगतीला बसत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. मात्र एक फरक आपण नेहमी पुसून टाकतो. कर्मवीरांच्या पोरांचे हात शिक्षणाची किंमत भरत होते. कुमठ्यात हातांचं काम हाच धडा आहे.

या दोन टोकांच्या मधे सूत कातायची टकळी आली. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मूलोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. हस्तकलेच्या आधाराने गणित, भाषा, भूगोल सगळंच शिकवायचं, असा तो विचार. कित्येक गावांतल्या शाळांवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' हे नाव आलं ते त्याच विचारातून. पाटीवरचा रंग उडाला तरी नाव कुठे कुठे टिकून आहे. घरातले म्हातारे सांगतात ते वेगळंच: कापसाचा पेळू ओला झाला की सूत तुटायचं, आणि सूत तुटलं की छडी. कापसाचा भूगोल, लडीच्या वजनाचं गणित बाजूला राहिलं आणि टकळीच तेवढी एक विषय होऊन बसली. पुढे कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशीतून 'कार्यानुभव' आला. त्याचं काय झालं, हे आमच्या पिढीच्या आयांना विचारावं. कागदी फुलं आणि पिशव्या रात्री त्याच करत बसायच्या.

फलटणची वाट निराळी. मॅक्सिन बर्नसन यांनी तिथे उभी केलेली 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा ज्यांच्या नावाने आहे, त्या कमलाबाई भारतात व्यवसायोपचार आणणाऱ्या. हाताला काम देऊन माणूस बरा करायचं ते शास्त्र. शाळेला हे नाव शोभतं.

वर्गाबाहेर पडणं मात्र कायम पुस्तकाच्या आधाराने झालं. तिसरीला आपापल्या जिल्ह्याचा भूगोल असायचा. कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते, हे पोरं नकाशावर बोट ठेवून घोकत. वर्षातून एकदा आवळीभोजनाला नदीकाठी गेली की तीच नदी खरी भेटायची. आता 'परिसर अभ्यास' आहे, क्षेत्रभेट आहे, अलीकडे 'आनंददायी शनिवार'ही आला. कागदावर सगळं जमलंय. पण वाडीवरची शाळा बहुतेक दोन शिक्षकांची. त्यातले एक गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले, की पोरांचं ओढ्यावर जाणं पुढच्या शनिवारावर जातं.