राखून ठेवलेला डाव : नाशिकच्या कारखान्यातून वर्गात आलेल्या हातांची पार्श्वभूमी

तालमीत म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. पठ्ठ्या उद्या समोर उभा राहिला तर तो एक कामाला यावा म्हणून. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वस्तादाला उस्ताद म्हणायचे, रीत मात्र तीच. नोकरी सोडलेला टर्नर, फिटर किंवा फौजी आज नाशिकमध्ये पोरांना काही शिकवायला उभा राहिलेला दिसतो, तेव्हा त्याच्याजवळ नेमकं काय आहे आणि ते इथवर कसं आलं, हे समजून घ्यायला मला हा राखलेला डावच सगळ्यात उपयोगी वाटतो. बावीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागात, काढून आता आठवड्यातून दोन दिवस मी महापालिकेच्या एका शाळेतल्या मुलांबरोबर बसतो, त्यामुळे ही गोष्ट माझ्या घरचीही आहे.

कारखाने येण्याआधीही नाशिकला हातांची कमी नव्हती. जुन्या गावात तांबट होते, नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं नाव दूरवर होतं. येवल्यात पैठणीचे माग होते. पण ही सगळी विद्या घरातच राहायची. बापाकडून मुलाकडे, फार तर भाच्याकडे. ज्याच्या घरात हातोडा नव्हता त्याला तो कुणी देत नसे, आणि घर कुठलं हे जातीवरून ठरत असे. १९३० मध्ये दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या साथीदारांना याच गावात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह करावा लागला, हे लक्षात घेतलं की कारागिरीचं दार किती घट्ट बंद असेल याची कल्पना येते.

ते दार किलकिलं झालं १९६२ मध्ये. त्या एका वर्षात किती गोष्टी जुळून आल्या ते पाहा. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा १ मार्च १९६२ ला अमलात आला. १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. त्याच महिन्यात मिग विमानं भारतात बनवण्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला. नोव्हेंबरमध्ये, चीनच्या युद्धाच्या धामधुमीत, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिगचं इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, अशी वाटणी झाली. द्राक्षं आणि कांद्याच्या जिल्ह्यात विमानाचा सांगाडा बनू लागला. पुढे मायको आली, महिंद्र आली. मायकोचं नाव बदलून बॉश होऊन वर्षं लोटली, तरी रिक्षावाल्याला आजही 'मायको सर्कल'च सांगावं लागतं.

आता या कारखान्यांना हात हवे होते, आणि तेवढे तांबटांच्या घरांत नव्हते. म्हणून आयटीआय. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून होती, पण कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन घातलं ते नव्या कायद्याने. १९७३ च्या दुरुस्तीने त्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या. पेठ-सुरगाण्याकडचा, निफाडकडचा, झोपडपट्टीतला मुलगा ज्याच्याशी रक्ताचं नातं नाही अशा उस्तादाच्या मशीनजवळ उभा राहू शकला, तो यामुळे. नाशिकच्या इतिहासात ही घटना विमानाच्या कारखान्याइतकीच मोठी आहे असं मी मानतो. तिची नोंद मात्र फारशी कुणी घेतलेली दिसत नाही.

मशीनजवळ उभं राहता येणं वेगळं आणि शिकायला मिळणं वेगळं. शिकाऊ उमेदवाराला नंतर कामावर घेतलंच पाहिजे असं कायद्यात नव्हतं. म्हणजे हा पोरगा वर्षभराने निघून जाणार, किंवा राहिला तर उद्या आपलाच स्पर्धक होणार. उस्तादाचा इन्सेंटिव्ह, ओव्हरटाइम, फोरमनपुढची किंमत, सगळं त्याच्या हातातल्या बारकाव्यांवर टिकलेलं. तो डाव राखणारच.

माझ्या उस्तादांच्या जॉबला, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागाला, आरशासारखं फिनिश यायचं. तेच मशीन, तोच स्पीड, तोच फीड, तरी आमच्या जॉबवर रेषा दिसायच्या. टूल ग्राइंड करताना ते मशीनकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहत. मी १९८६ मध्ये शिकाऊ म्हणून लागलो तेव्हापासून दहा वर्षं ते कोडं तसंच राहिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले त्या दिवशी, पेढे वाटून झाल्यावर, मला ग्राइंडरजवळ घेऊन गेले आणि शर्टाच्या खिशातून ऑइलस्टोनचा, म्हणजे धारेच्या बारीक दगडाचा, बोटभर तुकडा काढला. ग्राइंडरवरून उतरलेल्या टूलच्या टोकावर तो पाच-सात वेळा हलक्या हाताने फिरवायचा, धार किंचित गोलावायची. बस, एवढंच. दहा वर्षं मी ज्याच्यासाठी तरसलो ते दोन मिनिटांत सांगून झालं. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, गेटबाहेर पाऊल टाकण्याच्या दिवशीच ते हा डाव देऊ शकत होते, कारण आता त्यांना माझी भीती उरली नव्हती.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर असे गेटबाहेर पडणारे फार झाले, आणि तेही अठ्ठावन्नाच्या आधीच. संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आली, हातातली विद्या प्रोग्रॅममध्ये गेली. कंपन्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना काढल्या. दहा वर्षं नोकरी झालेली किंवा चाळिशी गाठलेली चालत होती, आणि आयकर कायद्यात पाच लाखांपर्यंतच्या रकमेवर सूट होती. नवीन नाशिकच्या सिडकोतल्या घराघरात तो हिशेब झालेला आहे. काहींनी रिक्षा घेतली, काहींनी किराणा दुकान टाकलं, काहींनी एक जुनं लेथ घेऊन शेडमध्ये जॉबवर्क सुरू केलं. पंचेचाळिशीतला माणूस, हात शाबूत, डोळे शाबूत, आणि सकाळी सातची शिफ्ट नाही. ती रिकामी सकाळ काय असते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

त्याच काळात दुसरीकडे एक पोकळी तयार झालेली होती. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, मागोमाग पदविका महाविद्यालयं वाढली. वर्कशॉप बांधली गेली, मशीनं घेतली गेली, पण ती चालवून दाखवणारा माणूस हवा होता. तिथे स्वेच्छानिवृत्तीवाले शिरले, वर्कशॉप इन्स्ट्रक्टर म्हणून, तुटपुंज्या मानधनावर. आयटीआयमध्ये शिरणं अधिक अवघड होतं. तिथे शिल्प निदेशकाला शिकवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. अनुभवी कामगारांना ही अट जाचक वाटते, मलाही वाटली होती. आता वाटत नाही. काम येणं आणि काम शिकवता येणं यांत किती अंतर आहे ते पहिल्याच महिन्यात उघड झालं.

शाळेत गेलो तेव्हा मी फोरमनच्या आवाजात बोलत होतो. एका मुलाने पट्टीवर आखताना दोन मिलिमीटर चुकवले, मी चार जणांसमोर सुनावलं. तो पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कारखान्यात रिजेक्ट झालेला पीस लाल रंग लावून बाजूला टाकतात. मुलाला लाल रंग लावून मी काय मिळवलं? घरी जाऊन माफी मागितली तेव्हा तो परत आला, पण पट्टी हातात घ्यायला त्याला महिना लागला.

मग मी कारखान्यातून काय न्यायचं आणि काय गेटवर ठेवायचं याची निवड करू लागलो. सगळ्यात कामाचं ठरलं ते 'फर्स्ट पीस'. टूलरूमपासून प्रॉडक्शनपर्यंत नियम एकच: सेटिंग झाल्यावर पहिला पीस तपासून पास झाल्याशिवाय लॉट चालवायचा नाही. मुलांना वीस गणितं देऊन शेवटी चूक दाखवण्यापेक्षा पहिलं सोडवून झालं की थांबायचं, बघायचं, मग पुढे. चूक एकातच राहते, वीसांत पसरत नाही. दुसरी गोष्ट शिफ्ट बदलतानाची वही. मशीन कुठल्या अवस्थेत सोडलं, काय अडलं, पुढच्या शिफ्टने काय बघायचं, हे आम्ही लिहून ठेवायचो. मुलंही लिहितात, आज कुठे अडलो. पुढच्या वेळी मी ती वही वाचून सुरुवात करतो. आणि चूक झाली की माणसाचं नाव विचारण्याआधी 'का झालं' हे पाच वेळा विचारायची सवय. एक मुलगी दर वेळी उशिरा यायची, तिसऱ्या 'का'ला कळलं की पाणी सकाळी साडेसातला येतं आणि भरणारी तीच आहे.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुली आयटीआयमध्ये येतात, फिटर-मशिनिस्टलाही येतात, पण त्यांना शिकवायला बाई उस्ताद जवळपास नाही. कारण जुनं आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ६६ ने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला मनाई होती. तीन शिफ्ट फिरवणाऱ्या मशीनवर मग बाई घ्यायचीच कशाला, असा हिशेब कित्येक दशकं चालला. त्या पिढीत स्त्री टर्नर घडल्याच नाहीत, त्यामुळे त्या पिढीतून आज शिकवायला येणाऱ्याही नाहीत. ही उणीव भरायला आणखी एक पिढी जाईल.

नाशिकमध्ये दुसरा मोठा प्रवाह फौजींचा. नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, देवळालीची छावणी, त्यामुळे इथे स्थायिक झालेले माजी सैनिक पुष्कळ. शिपाई पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनीत येतो, म्हणजे तिशी-पस्तिशीतच. पहाटे मैदानावर भरतीची तयारी करून घेणारे बरेचसे तेच. ते डाव राखत नाहीत, कारण शिकणारा त्यांची जागा घेणार नसतो. आता अग्निपथमुळे हे वय आणखी खाली येणार आहे: योजना २०२२ ची, लष्कराची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला दाखल झाली, सेवा चार वर्षांची, आणि चारातला एकच पुढे कायम. बाकीचे तीन ऐन पंचविशीत किंवा त्याच्याही आत गावी परततील, शिकवण्याजोगं बरंच काही आणि पुढे काय करायचं हा प्रश्न, दोन्ही बरोबर घेऊन.

सरकारी कागदावरही दार हळूहळू उघडत गेलं. २०१६ मध्ये शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावं असं लिहिलं आहे. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पंधरा वर्षांच्या अनुभवावर, पीएचडीशिवाय, प्राध्यापक नेमायची मुभा दिली, दहा टक्के जागांपर्यंत. तिथे अपेक्षा शक्यतो वरिष्ठ पदावर काम केलेल्यांची आहे, टर्नरची नाही. तरी अनुभवाला पदवीशेजारी बसवलं गेलं, हेही थोडं नाही. शिकायची इच्छा उरलेल्या कामगाराला याच नाशिकमध्ये १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जायची वाट त्याने काढून दिली. आमच्या टूलरूममधले दोघे तसे पदवीधर झाले.

शाळेत ग्राइंडर नाही, त्यामुळे उस्तादांचा ऑइलस्टोन माझ्या खिशातच राहतो. कानस आहे. ॲल्युमिनियम घासताना कानशीच्या दातांत कीस अडकतो आणि जॉबवर ओरखडे उठतात. त्यावर उपाय म्हणजे आधी कानशीवर खडू घासायचा. हे मला दोन वर्षांनी, तेही चोरून बघून कळलं होतं. मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, आणि खडूला शाळेत तोटा नाही. मागच्या बुधवारी मला यायला उशीर झाला. वर्गात पोचलो तर नव्याने आलेल्या मुलाच्या हातातली कानस काढून घेऊन ती पाणी भरणारी मुलगी त्याला म्हणत होती, "थांब, आधी खडू लाव."