सदनिकेच्या भिंतीवरील ओल आणि बुरशी

भिंतीत मुरलेले पाणी डाग, रंगाचे पोपडे, लोणा किंवा बुरशी या रूपांत बाहेर दिसू लागले की भिंतीला ओल आली असे म्हणतात. मुंबई आणि कोकणपट्टीतील सदनिकांत ही तक्रार घरोघरची आहे. मुंबईत वर्षाला २,००० मिमी.पेक्षा जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि तेवढे दिवस भिंतीला वाळायला सवड मिळत नाही. कोकणातल्या जुन्या घरांची छपरे भिंतीबाहेर लांब आलेली असत आणि पावसाच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधून भिंती झाकत. उंच इमारतीची सपाट भिंत मात्र वाऱ्याबरोबर येणारी झड थेट अंगावर घेते.

लोणा आणि बुरशी यांत पुष्कळांची गल्लत होते. लोणा पांढरा, भुकटीसारखा असतो. विटा, वाळू आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून बाहेर येतात आणि पाणी उडून गेल्यावर भिंतीवर राहतात. बुरशी सजीव आहे. तिचे बीजाणू हवेत सदैव असतात. ओलावा टिकला की धूळ, कागद, लाकूड यांवर ती वाढते. काळे-हिरवट ठिपके आणि कुबट वास ही तिची ओळख.

उपायाआधी पाणी कुठून येते ते शोधावे लागते, आणि नेमके हेच काम टाळले जाते. ओल कुठे आणि केव्हा दिसते, यातच बरेचसे उत्तर असते. बाथरूमलगतची भिंत मे महिन्यातही ओली असेल, तर नळाची पुरलेली पाइप, नहाणी ट्रॅप (न्हाणीघराच्या जमिनीतले सांडपाण्याचे तोंड) किंवा लाद्यांच्या सांध्यांवर संशय घ्यावा. घरातले सगळे नळ बंद असूनही पाण्याचे मीटर फिरत असेल, तर पाइप गळते आहे. नहाणीचे तोंड बंद करून रंगीत पाणी साठवले आणि खालच्या घरात तोच रंग उतरला, तर दोन शेजाऱ्यांमधला वाद तिथेच मिटतो. फक्त पावसाळ्यात पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची भिंत भिजत असेल, तर बाहेरच्या गिलाव्याला तडे गेलेले असतात. सर्वांत वरच्या मजल्याच्या छतावरील डाग गच्चीचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, फुटल्याचे सांगतो. शेजारच्या खोलीत रात्रभर एसी चालत असेल, तर थंड झालेल्या भिंतीवर आपल्या खोलीतल्या दमट हवेचे पाणी धरते. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे तर हवाच खेळत नाही. ते चार बोटे तरी पुढे ओढावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरातील ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध नोंदवला आहे. म्हणून बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नये, बीजाणू खोलीभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीच वापरायचे असल्यास त्यात संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मे महिन्यात घाईने मारलेला रंग ओल थांबवत नाही. ऑइल पेंटसारखा घट्ट थर तर आतले पाणी कोंडतो आणि पहिल्या पावसात फुगून सुटतो. आधी पाण्याची वाट बंद करावी, मग सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढून भिंत काही आठवडे उघडी वाळू द्यावी, त्यानंतरच नवा गिलावा, पुट्टी आणि रंग. दिवाळीनंतरचे कोरडे महिने याला योग्य. छतातून लोखंडाच्या गंजाचे तपकिरी डाग येत असतील, तर हे काम रंगाऱ्याचे राहत नाही. गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याची, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. सदनिकेच्या आतल्या नळजोडण्यांची दुरुस्ती सदस्याने. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला, तर २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याप्रमाणे तो कळवल्यावर ३० दिवसांत बिल्डरने विनामूल्य दूर करायचा असतो.