मायक्रोसॉफ्ट एन्टरटेनमेंट पॅक

मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी विक्रीला आणलेले छोट्या संगणकीय खेळांचे संच. पहिला संच विंडोज ३.० साठी १९९० मध्ये आला आणि १९९२ पर्यंत आणखी तीन निघाले. प्रत्येकात सात-आठ खेळ, त्यांतले बरेचसे कोडी किंवा पत्त्यांचे. कथानक नाही, लढाया नाहीत. चहाच्या सुट्टीत एखादा डाव उरकून पुन्हा कामाला लागावे, असा सगळा बेत.

यातले कित्येक खेळ कंपनीतल्याच प्रोग्रामरांनी फावल्या वेळात लिहिले. स्कॉट फर्ग्युसन यांच्या टेट्राव्हेक्समध्ये चौकोनी फरशीच्या चार बाजूंना चार आकडे असतात आणि शेजारच्या फरशीवरचा आकडा तोच यावा, अशा रीतीने सगळ्या फरशा बसवायच्या. नियम एका वाक्यात संपतो, पण फरशा वाढल्या की भले भले अडकतात. या संचांचे खरे मोठेपण अशा काटकसरीत आहे.

माइनस्वीपर हा त्याचा उत्तम नमुना. रॉबर्ट डोनर आणि कर्ट जॉन्सन यांनी लिहिलेला हा खेळ पहिल्याच संचात होता. चौकोनी घरांच्या पटावर सुरुंग लपलेले असतात. ते टाळून बाकीची सगळी घरे उघडायची. सुरुंग नसलेले घर उघडले की त्यात आकडा दिसतो. भोवतीच्या आठ घरांत तेवढे सुरुंग. आकडा १ असेल आणि भोवती एकच घर बंद उरले असेल, तर सुरुंग तिथेच. तिथे झेंडा लावला की त्याच्या आधाराने शेजारच्या आकड्यांचा उलगडा सुरू होतो. सर्वांत अवघड पातळीवर १६ × ३० घरांत ९९ सुरुंग असतात. तिथे कधी कधी तर्क संपतो आणि दोन घरांपैकी एक नशिबावर उघडावे लागते. पटावर दिसणारे आकडे सुरुंगांच्या एखाद्या तरी मांडणीशी जुळतात का, हा प्रश्न सर्वसाधारणपणे ‘एनपी-कम्प्लीट’ आहे, म्हणजे पट वाढला तरी झटपट उत्तर देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही अशा प्रश्नांपैकी आहे, हे गणितज्ञ रिचर्ड के यांनी २००० मध्ये सिद्ध केले.

दुसऱ्या संचातल्या फ्रीसेलची, म्हणजे एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या खेळाची, गंमत वेगळी. बावन्नही पाने सुरुवातीपासून उघडी असल्याने हरल्यावर पानांना दोष देता येत नाही. जिम हॉर्न यांच्या आवृत्तीत क्रमांक दिलेले ३२,००० डाव होते. डेव्ह रिंग यांच्या पुढाकाराने इंटरनेटवरच्या हौशी खेळाडूंनी ते आपसांत वाटून घेतले आणि १९९५ पर्यंत एक सोडून सगळे सोडवले. उरलेला ११९८२ क्रमांकाचा डाव सुटणारच नाही, हे पुढे संगणकाने पडताळले.

माइनस्वीपर १९९२ मध्ये विंडोज ३.१ मध्ये, तर फ्रीसेल विंडोज ९५ मध्ये समाविष्ट झाला. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि संगणक वर्गांत हे खेळ पोचले ते या वाटेने. मूळ संच फार थोड्यांनी पाहिले असतील. माऊसवर हात बसायलाही या खेळांचा उपयोग झाला, कारण माइनस्वीपरमध्ये डावे आणि उजवे बटण वेगवेगळे काम करते.

टेट्रिस या वरून पडणारे ठोकळे रचायच्या खेळाचे जनक अलेक्सी पाजित्नोव्ह १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले. पुढच्याच वर्षी त्यांनी रचलेल्या कोड्यांचा ‘द पझल कलेक्शन’ हा संच याच मालिकेच्या नावाने निघाला. टेट्रिसची विंडोज आवृत्ती मालिकेच्या पहिल्या संचातच होती, त्यामुळे त्यांचे हे येणे फार समर्पक वाटते.

मूळ खेळ १६-बिट, म्हणजे जुन्या विंडोजच्या घडणीचे, असल्याने आजच्या ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. तिसऱ्या संचातल्या स्कीफ्री या बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे कर्ते ख्रिस पिरिह यांनी मात्र आपल्या खेळाची ३२-बिट आवृत्ती स्वतः तयार करून मोफत उपलब्ध केली.