दंडेलशाही

हाताखालच्या माणसांना धाकात ठेवून, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करून आणि आडव्या येणाऱ्याचा काटा काढून अधिकार गाजवण्याची रीत. अरेरावी, दमदाटी, मुजोरी हे तिचेच सगेसोयरे. तिच्या मुळाशी बहुधा सत्तेची हाव असते आणि त्या हावेच्या पोटात गादी जाण्याचे भय. कडक शिस्त मात्र वेगळी: तिचा नियम घालून देणाऱ्यालाही बांधतो. दंडेलीत मर्जी हाच नियम.

दंडेल माणूस नेता म्हणून कमी पडतो, याचे मुख्य कारण त्याचे कान बंद होतात हे आहे. वाईट बातमी सांगणाऱ्याला फटका बसतो हे एकदा कळले की ती सांगायला कोणी जात नाही. कर्तबगार माणसे काढता पाय घेतात, मागे उरतात ते मान डोलावणारे. मग निर्णय चुकतात, चुकीचा राग पुन्हा खालच्यांवर निघतो आणि धाक वाढतो.

बडोदे संस्थानात मल्हारराव गायकवाडांची कारकीर्द (१८७०–७५) याचे ठळक उदाहरण आहे. गादीवर असलेले थोरले बंधू खंडेराव यांच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून ते बडोद्याजवळच्या पाद्रा गावी कैदेत होते. खंडेराव वारले आणि कैदेतला माणूस थेट गादीवर आला. सोसलेल्याने दुसऱ्याचे सोसणे जाणावे, ही अपेक्षा इथे फोल ठरली. खंडेरावांची माणसे पदावरून गेली, त्यांची मालमत्ता जप्त झाली. त्यांचे कारभारी भाऊ शिंदे कैदेतच वारले. खंडेरावांच्या गर्भवती विधवा जमनाबाईंना रेसिडेन्सीचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या निवासाचा, आसरा घ्यावा लागला. नेमणुकांसाठी नजराणा घेतला जाई. नजराणा भरून आलेला वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचा महसूल अधिकारी, तो रयतेकडूनच वसूल करणार, हे उघड होते. दरबारातला धाक असा गावच्या चावडीपर्यंत उतरला. छळाच्या आणि फटक्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७३ मध्ये इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला.

याच सुमारास दिवाण म्हणून दादाभाई नौरोजी आले. सोबत बाळ मंगेश वागळे, काझी शहाबुद्दीन यांच्यासारखी जाणती माणसे होती. असे मनुष्यबळ लाभणे हे राज्याचे भाग्यच. पण जुन्या मर्जीतल्या मंडळींचा पगडा सुटेना आणि जानेवारी १८७५ मध्ये दादाभाईंनी राजीनामा दिला. रेसिडेंट (इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेर यांच्याशीही त्यांचे जमले नव्हते. दंडेली एकट्या राजवाड्यातच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल: फेर यांचा हेका इतका की १८७४ संपता संपता वरिष्ठ सरकारनेच त्यांना हलवून सर लुई पेली यांना पाठवले.

फेर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या मल्हाररावांवरील आरोपाची चौकशी सहा जणांच्या आयोगाने केली. तिघा इंग्रजांनी मल्हाररावांना दोषी मानले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव यांनी मानले नाही. एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केले ते गैरकारभाराच्या कारणाने. विषाचा आरोप वादग्रस्तच राहिला. रयतेच्या तक्रारींचे तसे नव्हते. १८८२ मध्ये मद्रासेला नजरकैदेत त्यांचा अंत झाला.

आसरा शोधावा लागलेल्या जमनाबाईंनीच पुढे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच सयाजीराव तिसरे. अधिकार त्यांच्याही हाती एकवटलेला होता, लोकांनी निवडून दिलेले ते नव्हते. तरी १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सत्ता असणे आणि सत्तेची हाव असणे यांतले अंतर त्यांना अधिकार मिळण्याआधीचे दिवाण टी. माधवराव यांच्यात अधिक स्वच्छ दिसते. अल्पवयीन राजाच्या नावे सहा वर्षे सारा कारभार त्यांच्या हाती होता. विस्कटलेला खजिना आणि न्यायव्यवस्था त्यांनी मार्गी लावली. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना अधिकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी माधवराव दिवाणगिरीवरून उतरले.