घरातली ओल, सिमेंटचा पत्रा आणि हवा : तपासणीला बोलवायच्या आधी हे वाचा

आम्हाला फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "भिंतीला काळं यायलंय, टेस्ट करून द्या, किती घेता?" आणि आम्ही फी सांगायच्या आधी उलट विचारतो की त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे. बाथरूम आहे का, हौद आहे का, शेजाऱ्यांचं नळाचं कनेक्शन आहे का? काही लोकांना वाटतं आम्ही टाळाटाळ करतोय, पण खरं सांगतो, या एका प्रश्नावर निम्मं काम होऊन जातं आणि तुमचे लॅबचे पैसे वाचतात. हे पत्रक त्यासाठीच लिहिलंय, की कुठली टेस्ट खरंच लागते आणि कुठली लागत नाही हे तुम्हाला आधीच कळावं.

बुरशी

सोलापूर कोरडं गाव, पाऊस बेताचा, मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, इथं कसली आलीय बुरशी असं लोक म्हणतात. पण बुरशीला पाऊस लागत नाही, ओली भिंत लागते, आणि ओली भिंत आपण घरातच तयार करतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार म्हणून हौद, पिंपं, टाक्या, कळश्या सगळं भरून घरात, त्यातलं अर्धं बाथरूममध्ये आणि जिन्याखाली, हौदाचा आतला गिलावा जुना झालेला, ते पाणी हळूहळू शेजारच्या खोलीच्या भिंतीत चढतं. त्यात आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घराच्या जोत्याला बारीक चिरा पडतात, आणि सप्टेंबरचा जोराचा पाऊस आला की त्या चिरेतून ओल वर येते.

दुसरं कारण म्हणजे कूलर. कूलर हे हवेत पाणी सोडणारं मशीन आहे, ते चालू असताना समोरची खिडकी उघडी पाहिजे म्हणजे ओलसर हवा बाहेर जाईल. आपल्याकडे काय करतात, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं खिडक्या सगळं बंद करून झोपतात, मग खोलीतला ओलावा ६० टक्क्यांच्या वर जाऊन बसतो, आणि कपाटामागे जिथं हवा फिरत नाही तिथं काळे ठिपके. कूलरच्या जाळीतलं गवत दोन-दोन सीझन बदलत नाहीत तेही चुकीचं आहे, त्या गवतातच बुरशी वाढते आणि पंखा तीच रात्रभर तोंडावर मारतो.

आता महत्त्वाचं. भिंतीवर दिसते ती प्रत्येक गोष्ट बुरशी नसते. पांढरं, खारट, हात लावला की पिठासारखं झडणारं असेल तर तो लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ बाहेर आलेलं. थोडं खरवडून पाण्यात टाका, विरघळलं तर लोणा. काळं-हिरवं, कुबट वासाचं, पाण्यात न विरघळणारं असेल तर बुरशी समजा. आणि बुरशी डोळ्याला दिसत असेल तर ती नेमकी कुठल्या जातीची हे शोधायला लॅबला पैसे घालवू नका, जात कुठलीही असली तरी उपाय तोच, पाणी बंद करा, भिंत सुकवा, साफ करा. बुरशीचे बीजाणू सगळ्या हवेत असतात, म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या उघड्या बशीच्या किटमध्ये काही ना काही उगवतंच, त्यावरून घर खराब आहे असं ठरत नाही. किती बीजाणू म्हणजे धोका याचा सर्वमान्य आकडाच नाही, त्यामुळे आम्ही हवेचं सॅम्पल घेतलं तरी घरातलं एक आणि बाहेरचं एक असं जोडीनेच घेतो, आणि तेही वास येतोय पण काही दिसत नाही अशाच वेळी.

विजापूर रोडच्या एका फ्लॅटमध्ये असंच झालं होतं. नवीन घर, मुलाला सारखा खोकला, दोनदा रंग काढला, एका पेंटरने वॉटरप्रूफ रंग म्हणून जाड थर दिला आणि चार महिन्यात त्याचे पोपडे निघाले. आम्ही मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, लावत लावत गेलो तर ओल खालून वर आणि एकाच बाजूला, पलीकडे बाथरूममध्ये दोन पिंपं आणि त्यांच्या मागे फरशीचा सांधा उघडा. सांधा भरला, पिंपं हलवली, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं घेतलं. सॅम्पल एकही घेतलं नाही, फक्त भेटीची फी घेतली. ओल्या भिंतीवर रंग देऊ नका हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, आत पाणी कोंडतं आणि भिंत जास्त खराब होते.

भिजलेली गादी, सोफा, पुस्तकं २४ ते ४८ तासात कोरडी झाली तर वाचतात, त्यानंतर बुरशी धरते. पुराचं किंवा गटाराचं पाणी घरात आलं असेल तर गादी टाकूनच द्या, जीव अडकवू नका.

सिमेंटचा पत्रा

हा विषय सगळ्यात जास्त काळजीने वाचा. जुन्या पेठा, कारखान्यांचे शेड, विडी कामगारांच्या वसाहती, सगळीकडे राखाडी नालीदार सिमेंटचा पत्रा आहे कारण तो लोखंडी पत्र्यापेक्षा उन्हाळ्यात कमी तापतो आणि स्वस्तात येतो. बहुतेक पत्र्यांत साधारण ८-१० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, असतं, पांढरं, ज्याला क्रायसोटाइल म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सगळ्या प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, साठाहून जास्त देशात बंदी आहे, आपल्याकडे पत्रा विकायला बंदी नाही. त्याचे आजार २०-४० वर्षांनी बाहेर येतात म्हणून आज कुणालाच काही वाटत नाही.

पण घाबरून उद्याच पत्रा उतरवू नका! धड असलेला, न फुटलेला पत्रा वर शांत पडलाय तोवर त्यातले तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. धोका सुरू होतो तो फोडताना, ड्रिल मारताना, ग्राइंडरने कापताना, तारेच्या ब्रशने शेवाळ घासताना. आम्ही पाहिलंय, केबलची वायर आत घ्यायला पोरगं पत्र्याला भोक पाडतंय आणि खाली पाळण्यात बाळ झोपलंय. असं बघितलं की पोटात गोळा येतो. फुटक्या पत्र्याचे तुकडे अंगणात खड्डा बुजवायला टाकतात, त्यावरून गाडी जाते आणि चुरा होतो, तेही बंद करा.

नवीन काही पत्रे अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलेही येतात आणि दिसायला डिट्टो तसेच, त्यामुळे नुसतं बघून आम्हीसुद्धा खात्रीने सांगू शकत नाही. टेस्ट म्हणजे आधीच तुटलेल्या कडेला पाणी मारून ओलं करायचं, नखाएवढा तुकडा घ्यायचा, दोन पिशव्यात बंद करायचा, उघडी कड रंगाने सील करायची, आणि लॅबमध्ये खास मायक्रोस्कोपखाली तंतू बघायचे. हे तुम्ही घरी करू नका, त्याला साधा कापडी मास्क चालत नाही. आणि तुम्हाला पत्रा हलवायचाच नसेल, तो धड असेल, तर टेस्टही नको, तो अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असं धरून वागा, ते फुकट आहे. टेस्ट लागते ती घर पाडताना, पत्रा बदलताना, किंवा पत्रा भुगा व्हायला लागला असेल तेव्हा. उतरवायचा झाला तर ओला करून, अख्खा, नटबोल्ट सोडवून उतरवायचा, वरून खाली फेकायचा नाही, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. जुन्या इमारतींचे राखाडी सिमेंट पाइपही बऱ्याचदा याच मालाचे असतात, प्लंबरला आधी सांगा.

हवा

१८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून हे गाव कापसाच्या धुळीत राहतंय, त्यामुळे इथं हवा तपासायची म्हणजे घरात धंदा कुठला हे आधी बघावं लागतं. पुढे माग, मागे संसार अशी घरं अजून खूप आहेत. अशाच एका घरात आजींना रात्री दम लागायचा, बघितलं तर कूलरची पाठ मागाच्या शेडकडे, म्हणजे कूलर शेडमधला सगळा तूस ओढून आजींच्या खाटेवर टाकत होता. कूलर दुसऱ्या खिडकीला लावायला सांगितलं, एवढंच. विड्या वळणाऱ्या घरात तंबाखूची धूळ आणि भिजवलेल्या पानांची ओल दोन्ही एकत्र, तिथं सूप उंबऱ्याजवळ, हवेला घेऊन बसा आणि लहान मुलं त्या खोलीत झोपवू नका.

बारीक धुळीला पीएम २.५ म्हणतात. २४ तासांसाठी भारताची मर्यादा एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. आमचं मशीन दिवसभर ठेवतो, पण कूलरजवळ नाही, ओलसर हवेत असले सेन्सर जास्त आकडा दाखवतात. बंद खोलीतली मच्छर कॉइल ही वाटते तेवढी साधी नाही, २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढी बारीक धूळ निघाली होती. मच्छरदाणी लावा, कृपा करून.

आणि गॅस गिझर. याला टेस्टची वाटच बघू नका. बंद बाथरूममध्ये गॅस जळाला की ऑक्सिजन कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस चक्कर येऊन आतच पडतो आणि आतून कडी असते. गिझर बाथरूमच्या बाहेर घ्या. ते होईपर्यंत बादली भरून गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा, झरोका कायम उघडा ठेवा, कडी लावू नका.

रेडॉन, म्हणजे खडकातल्या युरेनियममधून तयार होऊन जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू, त्याबद्दलही हल्ली विचारतात, परदेशात मुलं आहेत ती सांगतात बहुतेक. आपल्याखालचा काळा बेसाल्ट खडक, त्यात युरेनियम कमीच असतं, आम्ही ती टेस्ट स्वतःहून सुचवत नाही.

आम्ही येणार त्या दिवशी

भेटीची फी आणि लॅबची फी वेगळी असते, दोन्ही फोनवर सांगतो आणि लॅबचं बिल तुम्हालाच देतो. रिपोर्ट मराठीत लिहून देतो. दुरुस्तीचं काम आम्ही घेत नाही, म्हणजे खोटी भीती घालून आम्हाला काही मिळत नाही. खोकला, दमा याचं औषध डॉक्टरांनाच विचारा, हवं तर आमचा रिपोर्ट त्यांना दाखवा.

आदल्या दिवशी भिंत पुसू नका, रंग मारू नका, घर सजवू नका. पिंपं, हौद जसे रोज असतात तसे भरलेले राहू द्या. पाणी सुटायचा दिवस असेल तर त्याच दिवशी बोलवा, गळती तेव्हाच दिसते.