ताकद आणि दमसासाचा एकत्रित सराव (लांब पल्ल्याचे धावणे)

लांब पल्ल्याच्या, म्हणजे साधारणपणे ३ किमी.पासून मॅरेथॉनपर्यंतच्या धावपटूने धावण्याच्या जोडीला त्याच आठवड्यात जड वजनांचे आणि उड्यांचे व्यायाम करण्याची पद्धत. अंग भरावे हा यामागचा हेतू नसतो. त्याच वेगाने धावताना ऑक्सिजन कमी लागावा (याला धावण्याची किफायत म्हणता येईल) आणि शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यातही पावलातला जोर टिकावा, यासाठी हा सराव असतो.

वजने उचलली की पाय जड होतात, ही समजूत धावपटूंमध्ये बराच काळ टिकून होती. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० सालच्या प्रयोगाचा दाखला त्यासाठी अनेकदा दिला जातो. त्यात एका गटाने १० आठवडे फक्त ताकदीचा, दुसऱ्याने फक्त दमसासाचा आणि तिसऱ्याने दोन्ही सराव केले. आठवड्यात ताकदीचे ५ आणि दमसासाचे ६ दिवस, असा तो भरगच्च कार्यक्रम होता. तिसऱ्या गटाची ताकद आधी वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घसरली. पण ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता या गटात दमसासाच्या गटाइतकीच वाढली होती. म्हणजे नुकसान झाले ते ताकदीचे, दमसासाचे नाही. धावपटूच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पुढे १९९९ मध्ये लीना पावोलाइनेन आणि सहकाऱ्यांनी फिनलंडमध्ये सरावाचा सुमारे एक तृतीयांश वेळ उड्या, छोट्या वेगवान धावा आणि झटक्याने केलेल्या ताकदीच्या व्यायामांना दिला. ९ आठवड्यांनंतर धावपटूंची ५ किमी.ची वेळ सुधारली. ऑक्सिजनची कमाल क्षमता मात्र वाढली नव्हती. सुधारली होती ती किफायत.

असे का होते? पाऊल जमिनीला जेमतेम पाव सेकंद टेकते आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर पेलावा लागतो. जड वजनांमुळे मज्जासंस्था एकाच वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लावायला शिकते, त्यामुळे प्रत्येक पावलाला कमाल ताकदीचा लहान हिस्सा पुरतो. टाचेमागची अकिलीज कंडरा (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा चिवट पट्टा) अधिक ताठ होते आणि ताणली गेल्यावर स्प्रिंगसारखी ऊर्जा परत देते. दोन सरावांमधल्या विरोधाचे कारण म्हणून पेशीतल्या एएमपीके (दमसासाच्या सरावाने जागा होणारा) आणि एमटॉर (स्नायूंची वाढ घडवणारा) या संकेतमार्गांचे भांडण सांगितले जाते. प्रत्यक्षात मात्र साचलेला थकवा आणि अपुरे खाणे हीच कारणे जास्त आढळतात.

पहिले ४ ते ६ आठवडे मध्यम वजनावर १०-१२ वेळांचे सेट करून हालचाली पक्क्या कराव्यात. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी सुमारे ४० मिनिटे, कमाल वजनाच्या (जे जेमतेम एकदाच उचलता येते त्याच्या) ८० ते ९० टक्क्यांवर ३ ते ६ वेळांचे ३-४ सेट करावेत. प्रत्येक सेट अजून एक-दोन वेळा जमेल अशा बेताला थांबवावा आणि दोन सेटमध्ये पूर्ण २-३ मिनिटे विश्रांती घ्यावी. स्क्वॉट (वजन घेऊन मारलेली बैठक) किंवा एक पाय पुढे ठेवून केलेला स्प्लिट स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन खाली नेणे आणि वर आणणे) आणि पोटरीचे व्यायाम एवढे पुरतात.

पोटरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वास्तविक धावताना सोलियस या खोल पोटरी-स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा अधिक भार येतो. पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा ठेवून दोन सेकंदांत वर जावे, क्षणभर थांबावे आणि तीन सेकंदांत टाच कडेच्या खाली न्यावी. तळाशी उसळी घेतली तर काम कंडरा करते आणि स्नायू सुटतो. सोलियससाठी हाच व्यायाम गुडघा वाकवून आणि मांडीवर वजन घेऊन बसूनही करावा.

उड्या वजनांच्या आधी, पाय ताजे असताना माराव्यात. सुरुवातीला एका सत्रात पाऊल ६० वेळा टेकेल एवढ्याच, नंतर हळूहळू १०० पर्यंत. टाच धपकन आपटू लागली की त्या दिवसापुरते थांबावे.

आठवड्याची मांडणी हा खरा कळीचा भाग. ताकदीचे सत्र सोप्या दिवशी घातले तर सावरायला एकही दिवस उरत नाही. म्हणून ते कठीण दिवशीच ठेवावे : सकाळी इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत मारलेल्या वेगवान धावा), किमान ६ तासांनी वजने आणि दुसरा दिवस अगदी हलका. लाँग रनच्या (आठवड्यातल्या सर्वांत लांब धावेच्या) आदल्या दिवशी पायांवर जड वजन घेऊ नये, कारण स्नायूंचे दुखणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. एकाच सत्रात दोन्ही करणे भाग असेल, तर वेगाची धाव आधी घ्यावी.

बिघडते ते बहुधा ठरलेल्या ठिकाणी. ‘धावपटूला हलके वजनच बरे’ म्हणून २०-२५ वेळांचे सेट केले जातात. त्यात दमसासाचीच उजळणी होते आणि ताकद फारशी वाढत नाही. दुसरी चूक म्हणजे धावणे जराही कमी न करता वजनांची भर घालणे. पहिल्या तीन आठवड्यांत एकूण अंतर १० ते १५ टक्क्यांनी उतरवावे. शर्यतीला महिनाच उरला असेल तर हा सराव सुरू करू नये, आणि शर्यतींचा मोसम लागला म्हणून तो पूर्ण बंदही करू नये. आठवड्यातले एक सत्र कमावलेली ताकद बऱ्यापैकी राखते. शेवटचे जड सत्र शर्यतीच्या ७ ते १० दिवस आधी घ्यावे. त्यानंतर सेट निम्म्यावर आणावेत.

कंडरेतले सौम्य दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर येत असेल, तर भार बेताने चालू ठेवता येतो. पण हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना एका पायावर उडी मारताना उमटत असेल, तर उड्या आणि धावणे लगेच थांबवून तपासणी करून घ्यावी.